आईसकट

पुण्याहून निघालेली पॅसेंजर हडपसरला थांबली तेव्हा मावशींच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तीत झबलं, टोपडं, कुंची, दुपटं आणि कागदात गुंडाळलेली चांदीची वाळी. बारशाला माहेरून न्यायचं सामान. ज्या मुलीच्या लेकराचं बारसं, तिचं मावशींशी रक्ताचं नातं काहीच नाही. मावशी मुलींच्या एका बालगृहात ३६ वर्षं अधीक्षिका होत्या. ही मुलगी सातव्या वर्षी तिथे दाखल झाली आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच आवारात मांडव घालून तिचं लग्न लागलं. आता ती पंढरपुरात असते.

समोरच्या बाकावर भाची. ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करते, गावोगाव गृहभेटी देत हिंडते, आणि बालगृहं बंद व्हायला हवीत असं तिचं ठाम मत आहे. सगळी नाही, उद्या सकाळीही नाही, पण व्हायला हवीत. मावशीला सोबत हवी म्हणून ती निघाली खरी, पण सोबतीबरोबर वादही आलाच.

"तुझ्या रजिस्टरात हिच्या नावापुढे काय होतं गं?" भाचीने विचारलं. "अनाथ?"

"एक पालक."

"म्हणजे आई होती."

"होती. अजून आहे."

"मग ती तुझ्याकडे का होती?"

मावशींनी पिशवी जरा सरकवली. "बाप विहिरीच्या कामावर गेला. आईने दुसरं घर केलं. नव्या नवऱ्याला हिचं तोंड बघायचं नव्हतं. आणखी काय सांगू?"

बालगृहाची पायरी न चढलेल्या माणसाला ही गोष्ट सहसा माहीत नसते. तिथल्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी जिवंत असतं. आई, बाप, आजी, चुलता. सरकारी भाषेत या मुलांना 'प्रवेशित' म्हणतात, लोक त्यांना अनाथ म्हणतात, आणि महिन्यातल्या भेटीच्या रविवारी फाटकाशी जी रांग लागते ती बघितली की दोन्ही शब्द तोकडे वाटतात.

"हडपसर आलं की मला यशवंत आठवतो," मावशी म्हणाल्या. विषय बदलला असं भाचीला वाटलं, पण मावशी तिथेच होत्या. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर यशवंत फुले यांनी इथेच, हडपसरजवळच्या माळावर दवाखाना मांडला होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. यशवंत त्यांच्या पोटचा नव्हता. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा तो मुलगा, फुल्यांच्या घरी जन्मलेला आणि त्यांनी दत्तक घेतलेला.

"तुमच्या प्रशिक्षणात संस्था म्हटलं की घंटा आणि रांगा. यशवंत जन्मला ती संस्था मात्र नवरा-बायकोच्या राहत्या घरात निघाली, ते नाही सांगत कुणी."

या इतिहासात काशीबाई दोन आहेत आणि त्यांची गल्लत हमखास होते. पहिली फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांकडून तिला दिवस गेले. बाळंत झाल्यावर तिने मूल मारलं आणि तिला जन्मठेपेसाठी अंदमानला धाडलं. शास्त्रीबुवांचं काही बिघडलं नाही. त्यानंतर, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, ज्याची त्याची खुशी. तसे फलक त्यांनी शहरात लावले. यशवंताची आई ही दुसरी काशीबाई. तिला दिवस गेले ती जवळपास दहा वर्षांनंतरची गोष्ट, पण तोवर तिला जायला दार होतं.

"मी वाचलंय ते," भाची म्हणाली. "आणि त्याच्या पुढचंही वाचलंय. १८८४ मध्ये समाजसुधारक मलबारींच्या टिपणावर जोतीरावांनी मत लिहून पाठवलं, त्यात हिशेब दिलाय. ३५ बायका आल्या. त्यांची जगलेली मुलं किती? पाच. आज एखाद्या शिशुगृहाचा असा आकडा माझ्या टेबलावर आला, तर मी स्वतः जाऊन कुलूप लावीन."

"लाव. आणि कुलूप लावताना त्या पस्तीस बायका कुठे जाणार तेही लिहून ठेव. तीस मुलं का गेली ते सांगितलंय की त्यांनी. दिवस लपवायला बायकांनी काय काय औषधं घेतलेली असायची. पोर दाराशी यायच्या आधीच निम्मं मेलेलं."

गाडी मांजरी सोडून लोणीच्या दिशेने निघाली. खिडकीबाहेर गोदामं आणि त्यांच्या मधोमध उरलेला एखादा उसाचा तुकडा. भाची गप्प बसली ती दोन मिनिटंच. घरातल्या संस्थेबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. तिचं भांडण मोठ्या, दगडी, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या संस्थांशी होतं, आणि त्या कामी तिला थेट लंडन गाठावं लागलं.

लंडनचं फाउंडलिंग हॉस्पिटल, म्हणजे टाकलेल्या मुलांचं गृह, १७३९ च्या सनदेने निघालं आणि १७४१ मध्ये मुलं घेऊ लागलं. जागा थोड्या आणि आया पुष्कळ, म्हणून सोडत काढायची पद्धत पडली. आईने पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा आला तर मूल आत, काळा आला तर परत, तांबडा आला तर थांबायचं. सोडत बघायला शहरातले प्रतिष्ठित लोक येत. मूल घेतलं की त्याचं नाव बदलत. पुढेमागे ओळख पटावी म्हणून आई कापडाचा तुकडा, फितीचा गोंडा, घासून गुळगुळीत केलेलं नाणं असं काहीबाही मागे ठेवी. १७५६ मध्ये पार्लमेंटने पैसे दिले आणि अट घातली की एकही मूल नाकारायचं नाही. चार वर्षांच्या आत पंधरा हजारांच्या आसपास मुलं आली. त्यांतली दोन तृतीयांश मेली.

"उरलेली एक तृतीयांश कशी जगली?" मावशींनी विचारलं. "दाया होत्या म्हणून. तान्ही पोरं खेड्यापाड्यांत दायांकडे पाठवत होते. सगळं एका छपराखाली नव्हतं."

"तेच तर म्हणतेय मी!" भाची इतक्या जोरात म्हणाली की शेजारी डुलक्या घेणारे गृहस्थ दचकून जागे झाले. "जगली ती घरात जगली. आणि पाच वर्षांची झाली की त्या दायांकडून काढून परत आणली, गणवेश घातला, ओळीत उभी केली. ज्या बाईला पोर आई म्हणत होतं, तिच्या कंबरेचं सोडवून आणलं."

मावशी यावर काही बोलल्या नाहीत. पिशवीचा बंद त्यांनी उगाच सोडला आणि पुन्हा बांधला.

उरुळी येईपर्यंत भाचीने रुमानियाही मांडून टाकला. १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने गर्भपातावर बंदी आणली. लोकसंख्या वाढवायची होती. पोसता न येणारी मुलं सरकारी संस्थांत गेली आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथे लाखाहून जास्त मुलं होती. २००० सालापासून अमेरिकेतल्या संशोधकांनी बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथे राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्याने, माया लावण्याने पुढे निघाली. दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली सर्वांत जास्त. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या मेंदूची विद्युत हालचालसुद्धा मंद भरली. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला दिलेल्या अहवालात आईच्या मायेला जीवनसत्त्वाच्या पंक्तीला बसवलं होतं. बुखारेस्टने त्याला मोजमाप पुरवलं.

"त्यांच्याकडे मांड्या नव्हत्या," मावशी म्हणाल्या. "पोर पाळण्यात, बाटली उशीला टेकवलेली. आमच्याकडे मांड्या होत्या."

"किती?"

"काय किती?"

"मांड्या. किती मुलींमागे किती?"

मावशींनी खरं ते सांगितलं. ६० मुली, तीन काळजीवाहक, पाळीपाळीने. रात्री एकच. मग त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. चार वर्षांची, बसस्टँडवर सापडलेली. महिनाभर ती उशीखाली चपला घेऊन झोपायची. रात्रपाळीच्या बाईंनी त्या काढून रॅकमध्ये ठेवल्या की सकाळी पुन्हा उशीखाली. निघायची वेळ आली तर हाताशी असाव्यात म्हणून. एके दिवशी चपला रॅकमध्येच राहिल्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात बायकांनी शिरा केला, आणि कशाबद्दल ते त्या मुलीला कळलं नाही.

"त्या तिघींना जाऊन सांग, शास्त्राने तुम्हाला नापास केलंय म्हणून," मावशी म्हणाल्या.

केडगाव आलं. स्टेशन लहान आहे, बाहेर नेहमीची टपऱ्यांची गर्दी. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातल्या मदत छावण्या हिंडल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. स्वतः त्यांनी कोवळ्या वयात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई-बापांना उपासमारीने मरताना पाहिलं होतं. तेव्हा छावणीत काय चाललेलं असतं हे त्यांना सांगावं लागलं नसणार. मुलींना भाकरीची लालूच दाखवून घेऊन जाणारी माणसं तेव्हाही स्टेशनांवर उभी असत. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना चालवला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

धर्मांतराच्या वादात हे सगळं नेहमी वाहून जातं. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, ते सारं खरंच आहे. पण त्याच शारदा सदनात शिकलेली विधवा गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात जी मंडळी स्थापली तिचं नाव ठेवलं 'अनाथ बालिकाश्रम'.

"हे नाव बघ," भाची म्हणाली. आता तिच्या आवाजातला वादाचा सूर थोडा उतरला होता. "कर्व्यांच्या आश्रमात होतं कोण? बालविधवा. बहुतेकींना आई होती, बाप होता, दोन-दोन दीर होते. मेला होता फक्त नवरा. तरी अनाथ. नाथ नाही म्हणून अनाथ."

"मग?"

"मग हा शब्द पहिल्यापासून आई-बापाबद्दल नाहीच, मावशी. पुरुष नसलेल्या बाईबद्दल आहे. आपण तो नंतर पोरांना चिकटवला. माझ्या कपाटातल्या फायली काढ. बाप मेला, बाप सोडून गेला, बाप दारूत. दर फाइलमध्ये आई आहे आणि आईला जागा नाही. पोर अनाथ होतं ते आई अनाथ झाली म्हणून."

मावशी बराच वेळ बाहेर बघत होत्या. पाटस जवळ आलं. "जोतीरावांनीसुद्धा बायकाच मोजल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना मघाशी? पस्तीस बायका आल्या. पोरं मागाहून."

या दोघींत एकमत झालं असं कुणी समजू नये. पुढच्या अर्ध्या तासात त्या पहिल्यापेक्षा जास्त भांडल्या. फरक इतकाच की भांडणाचं ठिकाण बदललं. फुल्यांच्या घरात बाई येत होती, केडगावला बाई येत होती, काखेतल्या पोरासकट. मग पोर एकटं कधीपासून येऊ लागलं?

भाचीच्या मते कायद्यापासून. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक व सुधारक संस्था १८५७ मध्ये निघाली, ती रस्त्यावरच्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारगृहांचे कायदे आले. १९२४ चा मुंबई बाल कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली. डोंगरीला उमरखाडीच्या ज्या जुन्या तुरुंगात टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले, तिथेच पुढे मुलांचं रिमांड होम बसलं. चोरी केलेलं मूल आणि आई हरवलेलं मूल एकाच फाटकातून आत जाऊ लागलं. भिंती तुरुंगाच्या, तेव्हा सवयीही तुरुंगाच्या: हजेरी, घंटा, रांग, ताट. आज त्याला निरीक्षणगृह म्हणतात. रिक्षावाला अजून रिमांड होमच म्हणतो.

"आणि या कायद्यांत आई कुठेच नाही," भाची म्हणाली. "मूल ताब्यात घ्यायचं. आईचं काय करायचं याला कलम नाही."

दौंडला गाडी रेंगाळली. चहा आला. कपात मावेल त्याहून कमी आणि पाहिजे त्याहून गोड.

"२०१५ च्या बाल न्याय कायद्यात आम्हाला काय म्हटलंय ठाऊक आहे मला," मावशी म्हणाल्या. "शेवटचा उपाय. ठेवा बापडे आम्हाला शेवटी. पण शेवटचा उपाय म्हणून जे ठेवायचं ते निदान धड ठेवा. अनुदान थकलं की वाण्याकडे जाऊन उभी राहायचे मी. तो द्यायचा, पण मुलींसमोर बोलायचा. आणि तुमचा तो पहिला उपाय? त्याचं सांग की."

पहिला उपाय म्हणजे बालसंगोपन. महाराष्ट्रात ही योजना बरीच वर्षं आहे. मुलाला संस्थेत न ठेवता घरातच, आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ ठेवायचं आणि महिन्याला पैसे द्यायचे. आधी ४२५ रुपये मिळत. करोनानंतर ते ११०० झाले. २०२३ मध्ये २२५० झाले आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं. ज्या बाईने स्वतःच्या घरात ३५ जणींची बाळंतपणं केली तिचं नाव या योजनेला असणं हे भाचीला फार योग्य वाटतं. मावशींना रक्कम थोडी वाटते.

भाचीनेही आडपडदा ठेवला नाही. तिने एका आईची फाइल सांगितली. नवरा करोनात गेला. दोन मुलं. ऑक्टोबरात टोळीबरोबर ऊसतोडीला जाते, एप्रिलात परत येते. पैसे मंजूर झाले, पण बँक खातं मुलाच्या नावाने उघडायचं, त्याला आधार, आधारावर बापाचं नाव एक, जन्मदाखल्यावर दुसरं. पहिला हप्ता खात्यावर पडला तेव्हा ती कर्नाटकात कोयता चालवत होती आणि मुलं उचल फेडायला तिच्याबरोबर होती. शाळा सहा महिने बुडाली.

"माझ्याकडे आणली असतीस तर सहामाही दिली असती त्यांनी," मावशी म्हणाल्या.

"दिली असती. आणि आई सहा महिने त्यांना दिसली नसती. पुढच्या वर्षी ती म्हणाली असती, राहू द्या तिथेच, बरं चाललंय. त्याच्या पुढच्या वर्षी भेटीच्या रविवारी आली नसती. असंच होतं मावशी, मी बघितलंय. एकदा दाखल झालेलं मूल घरी परत नेणं डोंगरावर पाणी चढवण्यासारखं असतं."

"आणि मी काय बघितलंय ते ऐक. कुटुंबात पुनर्वसन म्हणून तेरा वर्षांची मुलगी चुलत्याकडे दिली बाल कल्याण समितीने. कागद सगळे चोख. सातव्या महिन्यात तिचं लग्न लावलं त्याने. तिच्या बापाची अडीच एकर होती ना, तिला वारस नको होता. चौदाव्या वर्षी पोटुशी होऊन माझ्याच फाटकाशी आली. मी कुणाला विचारू? तुझ्या बुखारेस्टला?"

भाचीकडे याला उत्तर नव्हतं आणि तिने ते असल्याचा आवही आणला नाही. उजनीचं पाणी खिडकीच्या बाजूला आलं. भिगवणच्या पाणथळीत रोहित उभे होते, लांबून फक्त पांढरे ठिपके. डब्यातली दोन पोरं ते बघायला खिडकीशी झोंबली आणि त्यांच्या आईने दोघांच्या सदऱ्यांच्या कॉलर एकाच मुठीत धरून ठेवल्या.

जेऊर, केम गेली. आता बोलणं अठरा वर्षांच्या मुलींवर आलं, आणि इथे गंमत म्हणजे दोघींनी बाजू बदलल्या. संस्था मुलींना किती वाईट रीतीने सोडून देतात याच्या गोष्टी मावशींनीच काढल्या. अठरावा वाढदिवस म्हणजे बाहेरचा रस्ता. अठरानंतर राहायला अनुरक्षण गृहं असतात, ती मुलांसाठी थोडीफार आहेत, मुलींसाठी त्याहून कमी, आणि म्हणून घाईघाईने लग्नं. स्थळ आलं की मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही यातच सगळ्यांना कृतार्थ वाटायचं. संस्थेची मुलगी आपली पायरी ओळखून राहील, भांडून जाईल कुठे, हा हिशेब त्या चांगुलपणामागे असतो हे मावशींना पाच-सहा लग्नांनंतर कळलं. तेव्हापासून त्या प्रत्येक मुलीला सांगायच्या, दिवाळीला यायचं, न बोलावता यायचं, आणि नवऱ्याला दिसेल असं यायचं.

भाचीने उलट बाजू घेतली. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, त्यामागे संस्थांतून बाहेर पडलेली मुलंच होती. जात माहीत नाही, आडनाव संस्थेने दिलेलं, त्यामुळे कुठलाही दाखला मिळत नाही, हे त्यांनी मंत्रालयापर्यंत जाऊन सांगितलं. एकेकट्या घरात वाढलेल्या मुलांना हे जमलं नसतं, असं भाची म्हणाली. एका छपराखाली साठ जण वाढतात तेव्हा साठ जणांचं भांडणही तयार होतं.

"आणि तुझ्या सिंधुताई?" मावशींनी खिजवलं. "त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? संस्था की कुटुंब?"

प्रश्न अवघड आहेच. सिंधुताई सपकाळ गरोदर असताना घराबाहेर काढल्या गेल्या, गोठ्यात बाळंत झाल्या, रेल्वेत गाणी म्हणून पोट भरलं. पुढे त्यांनी कित्येक मुलं वाढवली आणि मुलं त्यांना माई म्हणत. पण पोटची मुलगी त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे वाढायला दिली, आपली आणि परकी असा भेद हातून होऊ नये म्हणून. लोकांची मुलं घरात आणि घरचं मूल संस्थेत. भाषणात ही गोष्ट आली की सभागृह डोळे पुसायचं. रात्री त्या लहान मुलीला काय वाटलं असेल, हे भाचीला तेव्हाही विचारावंसं वाटायचं.

कुर्डुवाडीला उतरून पंढरपूरची गाडी धरली. मोडनिंबच्या पुढे ऊन कलतं झालं. पंढरपूर जवळ येऊ लागलं तसा मावशींनी आपला हुकमाचा पत्ता काढला, आणि तो अर्थातच तिथलाच होता.

१८७५ मध्ये या गावात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी गृह काढलं. पुढाकार लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांचा. गुजराती माणूस, इथे न्यायखात्यात नोकरीला. आज त्या संस्थेला वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणतात. पंढरपूरच का, हे वारकऱ्यांच्या गावात कुणाला विचारायला नको. वारीच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. विधवा बाई तीर्थाच्या निमित्ताने घराबाहेर पडू शकते, महिने काढू शकते, आणि मोकळी होऊन परत जाऊ शकते. नाहीतर विहीर होतीच. नाहीतर कोर्ट. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीला जे झोडपलं त्याने चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं.

"१८७५," भाची म्हणाली. "त्याच वर्षी फ्लॉरेन्समधल्या इनोचेंती या टाकलेल्या मुलांच्या गृहाची खिडकी बंद झाली. १४४५ पासून तिथे पोरं ठेवत होते. चारशे तीस वर्षांनी त्यांनी ठरवलं की आईने तोंड लपवून मूल ठेवायचं बंद, समोर येऊन बोलायचं. आणि आपण त्याच वर्षी पाळणा लावला."

"त्यांच्याकडे समोर आलेल्या आईला जाळत नसतील," मावशी म्हणाल्या.

स्टेशनवर मुलीचा नवरा मोटारसायकल आणि एक रिक्षा घेऊन आला होता. दोन खोल्यांचं घर, समोर पत्र्याचा मांडव. पाळण्याला झेंडूच्या माळा, गूळ-खोबऱ्याचा वास, परातीत घुगऱ्या. बालगृहातल्या चार जणी आल्या होत्या. एक सोलापुरात नर्स, एक शिवणकाम करते, दोघी आपापली पोरं काखेला मारून. सासरकडच्या बायकांना त्या स्वतःची ओळख 'मावशी' अशी करून देत होत्या. एवढ्या मावश्या एकदम बघून एक म्हातारी हरखली होती.

कुंची घालायची वेळ आली आणि मुलीच्या नणंदेने हाक मारली, माहेरचं सामान कुणाकडे आहे? मावशी पिशवी घेऊन उठल्या. तेव्हाच भाचीचं दाराकडे लक्ष गेलं. उंबऱ्याच्या आत, चपलांच्या ढिगाजवळ एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, उन्हाने रापलेली, इरकलीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. तिच्यापुढे कुणी घुगऱ्यांची वाटी ठेवली होती, ती तशीच होती. बाळंतिणीचं नाक आणि त्या बाईचं नाक एकच होतं.

मावशींनीही पाहिलं. त्या त्या बाईला बारा वर्षं ओळखत होत्या, भेटीच्या रविवारच्या सहीपुरतं. सही कसली, अंगठा. शाईचा पॅड मावशीच पुढे करायच्या आणि किती रविवार चुकले ते रजिस्टरात लाल पेनाने लिहायच्याही त्याच.

"आत या की," मावशी म्हणाल्या.

बाई हलली नाही. "हितंच बरंय बाई."

नणंदेने दुसऱ्यांदा हाक मारली. मावशी दारापर्यंत चालत गेल्या, गुडघ्यावर हात टेकून अवघडत खाली बसल्या, पिशवीचा बंद सोडला, कुंची बाहेर काढून तिची गाठ सैल केली आणि ती त्या बाईच्या हातात दिली. बाईने आधी दोन्ही हात पदराला पुसले.